चेन्नईचा पाऊस, घरातले कार्यालय आणि व्हीपीएनचा अडसर

ऑक्टोबर २०२४च्या मध्यावर चेन्नई आणि शेजारच्या तिरुवळ्ळूर, कांचीपुरम व चेंगलपट्टू जिल्ह्यांना अतिवृष्टीचा इशारा मिळाला. तामिळनाडू सरकारने शाळा-महाविद्यालयांना सुटी दिली, नौका आणि पंप सज्ज ठेवले आणि माहिती तंत्रज्ञान कंपन्यांनी १५ ते १८ ऑक्टोबर या काळात कर्मचाऱ्यांना घरून काम करू द्यावे, असेही सुचविले. त्याआधी डिसेंबर २०२३मध्ये मिचाँग चक्रीवादळाच्या वेळीही खासगी आस्थापनांना असाच सल्ला देण्यात आला होता. १९ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबईत पावसाने कहर केला तेव्हा मुंबई महापालिकेनेही खासगी कार्यालयांना हेच आवाहन केले. आपत्ती व्यवस्थापनाच्या सूचनांमध्ये ‘घरून काम’ हा शब्दप्रयोग आता होड्या आणि मदत छावण्यांच्या ओळीत जाऊन बसला आहे.

हा सल्ला देणे सोपे आहे. तो अमलात येण्यासाठी मात्र कर्मचाऱ्याच्या घरातील संगणक कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्याशी जोडला जावा लागतो आणि ही जोडणी बहुतेक ठिकाणी व्हीपीएन या व्यवस्थेवर अवलंबून असते. व्हीपीएन म्हणजे आभासी खासगी जाळे. सार्वजनिक इंटरनेटमधून सांकेतिक भाषेचा एक बोगदा काढून कर्मचाऱ्याला कार्यालयाच्या दारापर्यंत आणण्याची ही सोय आहे. ऐन पावसात हा बोगदा बंद पडला की सरकारचा सल्ला कागदावर राहतो आणि घरी बसलेला कर्मचारी कामावरही नाही आणि रजेवरही नाही, अशा अवस्थेत अडकतो. त्यामुळे वरवर निव्वळ तांत्रिक वाटणारा हा विषय चेन्नईपुरता तरी सार्वजनिक महत्त्वाचा झाला आहे.

२०१५चा पूर

या शहराच्या बाबतीत हे सारे कुठून सुरू झाले हे पाहायचे तर डिसेंबर २०१५कडे जावे लागते. १ डिसेंबरला तांबरम येथे २४ तासांत सुमारे ४९ सेंटिमीटर पाऊस झाला. अड्यार नदी पात्र सोडून वाहू लागली, विमानतळ काही दिवस बंद राहिला, सुरक्षिततेसाठी अनेक भागांचा वीजपुरवठा तोडण्यात आला. ‘द हिंदू’ या दैनिकाची चेन्नई आवृत्ती २ डिसेंबरला छापली गेली नाही, कारण कर्मचारी मराईमलै नगरच्या छापखान्यापर्यंत पोचूच शकले नाहीत. १८७८मध्ये सुरू झालेल्या या वृत्तपत्रावर अशी वेळ प्रथमच आली होती.

टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसचे त्या वेळी चेन्नईत सुमारे ६५ हजार कर्मचारी होते. पुराचा आपल्या तिमाही उत्पन्नावर लक्षणीय परिणाम होईल, असे या कंपनीने त्याच महिन्यात जाहीर केले. अनेक कंपन्यांनी महत्त्वाची कामे आणि काही माणसेही बंगळुरू व अन्य शहरांतील कार्यालयांत हलविली. म्हणजे दशकभरापूर्वी पुरावरचा उपाय माणसे हलविणे हाच होता. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा मुंबईतील कर्मचाऱ्यांना तोही पर्याय नव्हता. त्या रात्री हजारो लोक कार्यालयातच थांबले किंवा कमरेएवढ्या पाण्यातून चालत घरी गेले.

चेन्नईचा भूगोल येथे विसरता येत नाही. टायडेल पार्क २००० साली सुरू झाले आणि त्यानंतर राजीव गांधी सालै, म्हणजेच जुना महाबलिपुरम रस्ता, या पट्ट्यात शोळिंगनल्लूरपासून सिरुसेरीपर्यंत कार्यालयांच्या इमारती उभ्या राहिल्या. या पट्ट्यालगतच पळ्ळीकरणैची पाणथळ जमीन आहे. २०२२मध्ये तिला रामसर स्थळाचा दर्जा मिळाला, पण तोपर्यंत तिचा मोठा भाग भराव आणि बांधकामांखाली गेला होता. पाण्याला जायला जागा उरली नाही की ते रस्त्यावर येते. कार्यालयेही त्याच रस्त्यावर आणि कर्मचारी राहतात ती वेळच्चेरी, मुडिचूरसारखी सखल वस्तीही त्याच पाण्यात, असा हा पेच आहे.

नियमांचा अडथळा आधी हटला

घरून काम करण्यात अडचण केवळ तारांची नव्हती. कॉल सेंटर आणि तत्सम सेवा देणाऱ्या कंपन्या दूरसंचार विभागाच्या लेखी ‘अन्य सेवा पुरवठादार’ या वर्गात मोडत. या वर्गातील कंपनीला कर्मचाऱ्याच्या घरी कामाची जागा द्यायची असेल तर १ कोटी रुपयांच्या सुरक्षा अनामतीसह अनेक अटी पाळाव्या लागत आणि जोडणीही परवानाधारक दूरसंचार कंपनीकडूनच घ्यावी लागे. नियमांनुसार घर हे कार्यालयाचे विस्तारित टेबल होते आणि त्या टेबलाची हमी सरकारला हवी होती.

करोना साथीने हे बदलले. १३ मार्च २०२० रोजी, म्हणजे देशव्यापी टाळेबंदीच्या आधीच, विभागाने या अटी तात्पुरत्या शिथिल केल्या. अनामत माफ झाली आणि कंपन्यांना स्वतः उभारलेले सुरक्षित व्हीपीएन वापरण्याची मुभा मिळाली. ३० एप्रिलपर्यंतची ही सवलत पुढे ३१ जुलै आणि मग ३१ डिसेंबरपर्यंत वाढली. ५ नोव्हेंबर २०२०च्या नव्या मार्गदर्शक तत्त्वांनी नोंदणीची आणि अनामतीची अटच काढून टाकली. विशेष आर्थिक क्षेत्रांतील कंपन्यांसाठी वाणिज्य मंत्रालयाने जुलै २०२२मध्ये वेगळा नियम केला. त्यात आधी ५० टक्के कर्मचाऱ्यांपर्यंत मर्यादा होती, ती त्याच वर्षी डिसेंबरमध्ये ठरावीक मुदतीसाठी १०० टक्क्यांपर्यंत नेण्यात आली. कागदावरचा अडथळा अशा रीतीने बराच दूर झाला. उरला तो प्रत्यक्षातला.

‘व्हीपीएन चालत नाही’ म्हणजे नेमके काय?

कार्यालयाच्या मदत कक्षाकडे पावसाळी सकाळी येणारी तक्रार बहुधा याच तीन शब्दांची असते. डॉक्टरकडे जाऊन ‘बरे वाटत नाही’ असे सांगण्याइतकीच ती मोघम आहे. बिघाड कुठे आहे हे ओळखायला फार मोठे ज्ञान लागत नाही. घर, रस्ता, दार आणि आतील दालने यांपैकी आपण कुठे थांबलो आहोत एवढे कळले तरी निम्मे काम होते.

सर्वांत आधी व्हीपीएन बंद ठेवून एखादे साधे संकेतस्थळ उघडून पाहावे. तेही उघडत नसेल तर दोष व्हीपीएनचा नाही. चेन्नईत पुराच्या दिवसांत बहुसंख्य तक्रारींचे मूळ येथेच असणे स्वाभाविक आहे. घरात इन्व्हर्टरवर राउटर चालू असतो, पण इमारतीच्या जिन्यात बसविलेला स्विच किंवा गल्लीतील केबलचालकाची पेटी वीज गेल्यावर मान टाकते. हे शहर समुद्राखालून येणाऱ्या केबलींचे देशातील एक प्रमुख दार आहे, हे लक्षात घेतले की यातील विसंगती जाणवते. सिंगापूरला जोडणारी आयटूआय ही केबल २००२मध्ये येथे आली, सी-मी-वी-४ ही २००५मध्ये आणि अंदमान-निकोबारला जाणारी सुमारे २,३०० किलोमीटरची केबल १० ऑगस्ट २०२० रोजी येथूनच कार्यान्वित झाली. हजारो किलोमीटर समुद्र ओलांडून आलेला संदेश शेवटच्या २०० मीटरवर, जिन्यातल्या एका पेटीपाशी थांबतो.

ब्रॉडबँड गेले की कर्मचारी मोबाइलच्या हॉटस्पॉटकडे वळतो. येथे दुसऱ्या प्रकारच्या अडचणी सुरू होतात. शेजारपाजारचे सारेच त्याच टॉवरवर आलेले असतात आणि टॉवरची बॅटरी व डिझेलही अमर्याद नसते. शिवाय मोबाइल कंपन्या हजारो ग्राहकांना मोजक्या सार्वजनिक पत्त्यांमागे एकत्र बसवितात. जुन्या धाटणीच्या काही व्हीपीएन प्रणालींना हे मानवत नाही. त्या प्रणाली ज्या वाटेने जाऊ पाहतात ती वाट मध्येच बुजलेली असते. सुरक्षित संकेतस्थळे ज्या ४४३ क्रमांकाच्या वाटेने येतात तीच वाट वापरणारे व्हीपीएन मात्र सहसा पार होते. तेव्हा घरच्या वायफायवर चालणारे व्हीपीएन हॉटस्पॉटवर अडले, तर पर्यायी पद्धत उपलब्ध आहे का, हा पहिला प्रश्न मदत कक्षाला विचारायला हवा. संगणक पुन्हा पुन्हा बंद-चालू करून येथे काहीही साधत नाही.

आणखी एक फसवा प्रकार आहे. जोडणी होते, मेलचा मजकूर दिसतो, पण जोडलेली फाइल उतरत नाही. माहितीचे पाकीट वाटेत सामावेल त्याहून मोठे झालेले असते. बोगद्याच्या सांकेतिक आवरणामुळे प्रत्येक पाकिटात मजकुरासाठी उरणारी जागा कमी होते आणि काही जोडण्यांवर तर ती मुळातच कमी असते. पाकिटाचा आकार थोडा कमी ठरवून दिला की काम सुरळीत होते. तो बदल मात्र मदत कक्षानेच करायचा असतो.

रस्ता मोकळा आहे पण दार उघडत नाही, अशी स्थिती पासवर्ड नाकारला गेल्यावर कळते. येथे जोडणीला दोष देऊ नये, कारण नकार मिळाला याचाच अर्थ आपण दारापर्यंत पोचलो. पासवर्डची मुदत संपलेली असते, मोबाइलवरील सांकेतिक क्रमांक दर ३० सेकंदांनी बदलतो आणि फोनचे घड्याळ चुकलेले असल्यामुळे तो जुळत नाही, किंवा चार-पाच चुकीच्या प्रयत्नांनंतर खाते कुलूपबंद झालेले असते. यातील सर्वांत चमत्कारिक अडचण मुदत संपलेल्या पासवर्डची. नवा पासवर्ड ठेवण्यासाठी कार्यालयाच्या जाळ्यात जावे लागते आणि जाळ्यात जाण्यासाठी नवा पासवर्ड लागतो. कुलुपाची किल्ली त्याच कपाटात ठेवून कपाट लावून घ्यावे, तसा हा प्रकार. ज्या कंपन्यांनी पासवर्ड बदलण्यासाठी व्हीपीएनबाहेरची स्वतंत्र सोय ठेवली आहे तेथे हा प्रश्न उद्भवत नाही.

‘जोडले गेले’ असा हिरवा दिवा लागूनही काहीच उघडत नाही, ही तक्रार सर्वांत गोंधळात टाकणारी. कारण अनेकदा पत्त्याच्या सारखेपणात असते. घरगुती राउटर बहुधा १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते वाटतो. कार्यालयातील सर्व्हरही त्याच मालिकेत असेल तर संगणक तो सर्व्हर घरातल्या घरातच शोधत बसतो. एकाच शहरात एकाच नावाचे दोन रस्ते असावेत आणि टपाल भलत्याच घरी जावे, तसे हे घडते. घरच्या राउटरची मालिका बदलली की अडचण मिटते. त्यापेक्षा कंपनीने आपल्या जाळ्यासाठी घरगुती मालिका मुळातच न वापरणे शहाणपणाचे. कधी पत्ता वेगळा असतो, पण अंतर्गत संकेतस्थळांची नावे संगणकाला उलगडत नाहीत. नावाने न उघडणारी जागा अंकी पत्त्याने उघडली तर दोष नावांच्या नोंदवहीचा, असे समजावे.

गर्दी दारातच होते

आतापर्यंतचे बिघाड एकेकट्याचे होते. पुराच्या दिवशी होणारा खरा बिघाड सामूहिक असतो आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते. कार्यालयातील गेटवे, म्हणजे व्हीपीएनचे प्रवेशद्वार, एका वेळी किती जणांना आत घेईल हे त्याच्या क्षमतेवर आणि विकत घेतलेल्या परवान्यांवर ठरते. आत येणाऱ्या प्रत्येकाला द्यायच्या पत्त्यांचा साठाही मर्यादित असतो. नेहमीच्या आकाराच्या एका गटात वापरण्याजोगे पत्ते २५४ असतात. एरवी काही मोजके लोक बाहेरून काम करत असल्याने एवढ्यात भागते. अतिवृष्टीच्या सकाळी सगळेच एकदम येतात. आठ वाजता जोडला गेलेला आत राहतो, दहा वाजता आलेल्याला काहीतरी संदिग्ध संदेश दिसतो आणि तो बिचारा आपलाच राउटर तपासत बसतो.

मार्च २०२०मध्ये जगभरच्या कंपन्यांना हा अनुभव आला. त्या वेळी मायक्रोसॉफ्टने ग्राहकांना दिलेला सल्ला उपयुक्त होता. आपल्या क्लाउड सेवांची सगळी वाहतूक बोगद्यातून नेऊ नका, केवळ अंतर्गत कामाची तेवढी न्या, असा त्याचा आशय होता. दृक्‌श्राव्य बैठका थेट इंटरनेटवरून गेल्या की बोगद्यातील गर्दी बरीच ओसरते. अनेक सुरक्षा अधिकाऱ्यांना हे रुचत नाही आणि त्यांचे कारण अगदीच अनाठायी नाही, कारण बाहेरून जाणाऱ्या वाहतुकीवर कंपनीची नजर राहत नाही. पण ज्या दिवशी निम्मे लोक दाराबाहेर ताटकळतात, त्या दिवशी नजर ठेवायला आत असते तरी कोण?

दार सैल ठेवण्याची किंमत

असे असले तरी सुरक्षेचा मुद्दा झटकून टाकता येत नाही. चेन्नईशी जवळचा संबंध असलेले एक उदाहरण येथे आहे. १९९४मध्ये याच शहरात सुरू झालेल्या आणि आता अमेरिकेत मुख्यालय असलेल्या कॉग्निझंट या कंपनीवर एप्रिल २०२०मध्ये मेझ या खंडणीखोर प्रणालीचा हल्ला झाला. टाळेबंदी सुरू होती आणि कर्मचारी घरी होते. नेमक्या घरून काम करण्यासाठी लागणाऱ्या काही अंतर्गत यंत्रणा आणि लॅपटॉप पुरविण्याची व्यवस्थाच यात बाधित झाली. काही ग्राहकांनी खबरदारी म्हणून कॉग्निझंटला आपल्या जाळ्यात येण्यापासून थांबविले. त्या तिमाहीत ५ ते ७ कोटी डॉलरचा फटका बसेल, असा अंदाज कंपनीने दिला होता. येथे पाऊस नव्हता, पण परिणाम तोच झाला. माणसे घरी सुखरूप आणि काम दाराबाहेर.

मे २०२१मध्ये अमेरिकेतील कलोनियल पाइपलाइन ही इंधनवाहिनी बंद पडली. हल्लेखोर वापरात नसलेल्या एका व्हीपीएन खात्यातून आत शिरले होते आणि त्या खात्याला पासवर्डखेरीज दुसरी पडताळणी नव्हती. कंपनीने सुमारे ४४ लाख डॉलरची खंडणी भरली. जानेवारी २०२४च्या अखेरीस अमेरिकेच्या सायबर सुरक्षा संस्थेने सरकारी कार्यालयांना इव्हान्टी कंपनीची व्हीपीएन उपकरणे ४८ तासांत जाळ्यापासून तोडण्याचा आदेश दिला, कारण त्यांतील त्रुटींचा गैरफायदा घेतला जात होता. दाराचे कुलूपच किडलेले निघाले तर दुरुस्ती कर्मचाऱ्याच्या हाती नसते.

म्हणूनच अतिवृष्टीच्या दिवशी ‘आजच्यापुरती दुसरी पडताळणी बंद करा’ ही मागणी कितीही समजण्यासारखी असली तरी मान्य करण्याजोगी नाही. अशी सवलत एका सकाळसाठी दिली जाते आणि महिनोन्‌महिने विसरली जाते.

भारतात या संदर्भात एक गैरसमजही आहे. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार व्हीपीएन सेवा विकणाऱ्यांना ग्राहकांची माहिती ५ वर्षे जपून ठेवणे बंधनकारक झाले. एक्स्प्रेसव्हीपीएन, नॉर्डव्हीपीएन यांसारख्या कंपन्यांनी त्यानंतर भारतातील आपले सर्व्हर हटविले. कार्यालयीन व्हीपीएनही आता संशयास्पद ठरले, असा समज तेव्हा पसरला. प्रत्यक्षात कंपन्यांनी आपल्या कर्मचाऱ्यांसाठी चालविलेल्या व्हीपीएनला ही माहिती ठेवण्याची अट लागू नाही, असा खुलासा संस्थेने मे २०२२मध्येच केला होता.

भुर्दंड कोणाला?

घरून काम करण्याचा सरकारचा सल्ला हा सल्लाच असतो. तो पाळायचा की नाही हे कंपनी ठरविते आणि पाळला तरी जोडणी न झाल्यास त्या दिवसाचे काय, याबद्दल सल्ल्यात अवाक्षर नसते. मोठ्या कंपन्या पुरासारख्या दिवशी समंजसपणा दाखवितात. तासांवर मोजणी होणाऱ्या छोट्या सेवा कंपन्यांत, कंत्राटी नेमणुकीवर, एकाच राउटरवर चौघे जोडलेले असताना भाड्याच्या खोलीतून काम करणाऱ्या मुलामुलींना एवढा भरवसा नसतो. (इमारतीचे पहारेकरी, उपाहारगृहातील कामगार आणि टॅक्सीचालक यांच्यासाठी तर घरून काम हा विषयच नाही.) वीज कोणी तोडली, टॉवर का पडला, परवाने किती घेतले, यांपैकी एकाही गोष्टीवर या कर्मचाऱ्याचा अधिकार नाही. हजेरीच्या तक्त्यात गैरहजर लागते ते मात्र त्याच्याच नावापुढे.

ईशान्य मान्सून ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात येतो, हे चेन्नईला ठाऊक आहे. सप्टेंबरमध्ये एक दिवस ठरवून सर्वांनी घरून एकाच वेळी व्हीपीएन जोडून पाहिले तर परवाने आणि पत्ते किती अपुरे आहेत हे पाऊस येण्यापूर्वी कळेल. दुसरा गेटवे पुणे, हैदराबाद किंवा बंगळुरूला ठेवला तर चेन्नईची इमारत अंधारात गेली तरी दार उघडे राहील. आग लागल्यास बाहेर कसे पडायचे याचा सराव कार्यालये करून घेतात, मग पुरात आत कसे यायचे याचाही करता येईल. सरकारच्या बाजूने पाहता, घरून काम करा असे सांगणाऱ्या यंत्रणेने त्याच पत्रकात टॉवरना डिझेल पोचविण्याची आणि वीज कधी परतेल याची माहितीही द्यायला हवी. त्याविना हा सल्ला अर्धवट राहतो.

एक बारीकशी गोष्ट तर आजही करता येण्याजोगी आहे. व्हीपीएन बंद असल्याची सूचना आणि तक्रार नोंदविण्याची जागा अनेक कार्यालयांत अंतर्गत संकेतस्थळावरच असते, म्हणजे ज्याचे व्हीपीएन चालत नाही त्याला ती दिसत नाही. ती सूचना साध्या एसएमएसने पाठविता येते. तसेच दारापर्यंत येऊन परत गेलेल्या प्रत्येक प्रयत्नाची नोंद गेटवेमध्ये वेळेसह उमटत असते. अडवणूक गेटवेच्या क्षमतेमुळे झाली की पासवर्डमुळे, हेही त्या नोंदीवरून बहुधा कळते. ही नोंद तंत्रज्ञांच्या विभागात पडून राहते आणि हजेरी लावणारा विभाग ती मागवत नाही. ज्यांच्या गल्लीतील वीजच गेली होती त्यांची तर तेवढीही नोंद होत नाही. त्यांच्यासाठी वीज मंडळाने त्या भागातील खंडित पुरवठ्याची जाहीर केलेली वेळ हाच काय तो पुरावा, आणि तो ग्राह्य धरायचा की नाही हे बहुतेक कंपन्यांच्या नियमपुस्तिकेत अद्याप लिहिलेले नाही.